पाठ टाचणापासून पवित्र पोर्टलपर्यंत

महाराष्ट्रात माध्यमिक शाळेत शिकवायचे तर पदवीनंतर बी.एड. करावे लागते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तो पूर्ण झाला की माणूस ‘प्रशिक्षित’ ठरतो, पण तेवढ्याने नोकरीची वाट मोकळी होत नाही. सहावी ते आठवीला शिकवायचे असेल तर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शासनाच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलवरची निवड, आणि निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम. वकिलाला बार कौन्सिलची सनद मिळते, डॉक्टरची नोंदणी वैद्यक परिषदेत होते. शिक्षकाला असा एकरकमी परवाना कोणी देत नाही. तो टप्प्याटप्प्याने, निरनिराळ्या परीक्षांतून आणि कार्यालयांतून जमवावा लागतो आणि त्यात अनेकांची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. या वाटेने गेलेल्यांशी सविस्तर बोलले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते: शिकवणे म्हणजे काय ते शाळेतल्या सरावात, कोणीतरी मागच्या बाकावर बसून तास पाहिला तेव्हा कळले, नंतरच्या कोणत्याही परीक्षेने ते तपासले नाही.

बी.एड. फार वर्षे एका वर्षाची होती. ती दोन वर्षांची झाली त्यामागे महाराष्ट्रातलाच एक वाद होता. राज्यातल्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ साली आयोगाचा अहवाल आला. शिक्षक घडवण्याचा काळ वाढवावा आणि त्यात शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला जास्त जागा द्यावी, असा त्याचा रोख होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे विनियम काढले आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून बी.एड. दोन वर्षांची झाली. वर्षाला किमान २०० दिवस काम, महाविद्यालयात ८० टक्के आणि आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामात, ९० टक्के हजेरी, आणि दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत, ही या विनियमांतली महत्त्वाची कलमे. वीस आठवडे हा आकडा लहान दिसतो, पण बी.एड.मधून जे काही टिकाऊ मिळते त्यातले बरेचसे याच आठवड्यांत मिळते.

प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते: नव्वद मिनिटांत १०० प्रश्न. त्यांत बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तीन भाग. परीक्षा अवघड नसते. वर्गात येऊन बसणारी माणसे मात्र एकसारखी नसतात. काहींना लहानपणापासून शिक्षक व्हायचे असते. काही जण एम.एस्सी. करून दोन वर्षे स्पर्धा परीक्षा देऊन थकलेले असतात. लग्न होऊन, मूल थोडे मोठे झाल्यावर पुन्हा शिकायला आलेल्या स्त्रियांची संख्या बरीच असते आणि वर्गातली सर्वांत चिकाटीची मंडळी बहुधा त्याच असतात. शिवाय ‘बी.एड. करून ठेवावी, केव्हाही उपयोगी पडते’ असे घरच्यांनी सांगितले म्हणून आलेलेही असतात. यातले कोण चांगले शिक्षक होतील हे पहिल्या सत्रात ओळखता येत नाही. ज्याच्या तोंडी शिक्षणाबद्दलची मोठी वाक्ये असतात तो कधी कधी सहावीच्या वर्गात गोंधळतो आणि नाइलाजाने आलेली मुलगी त्याच वर्गात रमून जाते.

सुरुवातीचे महिने सैद्धांतिक विषयांचे. बाल्यावस्था व विकास, अध्ययन आणि अध्यापन, समाज आणि शिक्षण, अभ्यासक्रमाची तत्त्वे. पियाजेच्या विकासाच्या अवस्था, वायगॉट्स्कीचा निकट विकासाचा पट्टा, ब्लूमची उद्दिष्टे अशी नावे आणि संज्ञा वह्यांतून भराभर उतरतात. हा भाग बहुतेक महाविद्यालयांत कंटाळवाणा होतो हे मान्य करायला हवे. गाईडमधून नोट्स, नोट्समधून उत्तरे, उत्तरांतून गुण. पियाजे वाचलेला छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, प्रत्यक्ष मुलाशी बोललेला नसतो, त्यामुळे ‘मूर्त क्रियात्मक अवस्था’ ही त्याच्यासाठी पाठ करायची एक ओळ राहते. जी महाविद्यालये या दिवसांतच आठवड्यातून एकदा जवळच्या शाळेत निरीक्षणाला नेतात, तिथे हेच विषय निराळे वाटतात. म्हणून पुस्तक आधी आणि शाळा फार उशिरा हा क्रम चुकीचा आहे, असे म्हणायला जागा आहे.

पहिली खरी कसोटी सूक्ष्म अध्यापनाची. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि भारतात एनसीईआरटीने तिला इथल्या महाविद्यालयांना जमेल असे रूप दिले. एक चक्र ३६ मिनिटांचे असते. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि शेवटी सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. विद्यार्थी म्हणून समोर आठ-दहा सहाध्यायीच बसलेले असतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे: प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, फलकलेखन, चेतक बदल, प्रबलन.

पंचविशीतल्या मैत्रिणींना पाचवीच्या मुली समजून ‘पाने हिरवी का असतात?’ असे विचारताना पहिल्या दिवशी सर्वांनाच अवघडल्यासारखे होते. हसू आवरत नाही. तरीही या सरावाचा उपयोग मोठा आहे, कारण सहा मिनिटांत एवढ्या चुका दिसतात की माणूस स्वतःकडे पाहायला लागतो. फळ्यावर लिहिताना पाठ पूर्ण वर्गाकडे वळते. अक्षर डावीकडून उजवीकडे चढत जाते. प्रश्न विचारून दोन सेकंद होत नाहीत तोच उत्तर आपणच देऊन टाकले जाते. प्रत्येक उत्तराला ‘छान, छान’ म्हणण्याची सवय लागते आणि थोड्याच वेळात त्या शब्दाला किंमत उरत नाही. हे सारे निरीक्षण तक्त्यावर खुणांनी नोंदले जाते. प्रश्न विचारल्यावर थांबणे ही बहुतेकांना सर्वांत जड जाणारी गोष्ट. शांतता झाली की शिकवणाऱ्याला आपण कमी पडतो आहोत असे वाटते. त्या शांततेत समोरचा विचार करत असतो हे ध्यानात यायला बरेच पाठ घ्यावे लागतात.

सूक्ष्म अध्यापनात सुटी सुटी शिकलेली कौशल्ये सेतुपाठात एकत्र येतात आणि मग शाळेतल्या वर्गावर सराव पाठ सुरू होतात. प्रत्येक पाठाआधी टाचण लिहायचे. बी.एड. केलेल्या कोणालाही टाचणाचे रकाने आठवतात: आशय, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, फलकलेखन, मूल्यमापन. आदल्या रात्री ते लिहायचे, सकाळी मेथडच्या, म्हणजे अध्यापन विषयाच्या, प्राध्यापकांना दाखवायचे, त्यांनी लाल शाईत दुरुस्त्या केल्या की पुन्हा लिहायचे. सोबत तक्ते, प्रतिकृती, चित्रे. या मेहनतीने विषय पक्का होतो यात शंका नाही. अनेक पदवीधरांना आपल्याच विषयातल्या गाठी टाचण लिहिताना पहिल्यांदा दिसतात. पण टाचणात एक अडचणही दडलेली असते. त्यात विद्यार्थ्याचे उत्तर आदल्या रात्रीच लिहिलेले असते.

सहावीच्या वर्गावर अपूर्णांकांचा एक सराव पाठ घ्या. गणिताची पदवीधर असलेली छात्राध्यापिका विचारते: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? टाचणात अपेक्षित उत्तर लिहिलेले आहे. पहिला मुलगा ठामपणे सांगतो, एक चतुर्थांश. तिला हे उत्तर नको असते. ती दुसऱ्याला उठवते, तिसऱ्याला उठवते, बरोबर उत्तर मिळते, ती ‘शाब्बास’ म्हणते आणि पाठ पुढे सरकतो. वेळेत संपतो. सारे मुद्दे झालेले असतात, फलकलेखन नीटनेटके असते. तासानंतर वही हातात येते तेव्हा निरीक्षकांनी एकच ओळ लिहिलेली असते: पहिल्या मुलाला ‘कसे?’ असे विचारले नाही.

पुढच्या पाठात ती ते विचारते. मुलगा सांगतो, चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून. वर्गातल्या निम्म्या मुलांचे हेच मत असते. आदल्या दिवशी बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकीही काहींचे. मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या जातात. एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. मुले पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहतात. कोणीतरी म्हणते, वाटेकरी वाढले की वाटा लहान होणार. टाचणातला अर्धा भाग राहून जातो. निरीक्षक त्या पाठाला आधीच्यापेक्षा चांगला शेरा देतात. अनेकांच्या दृष्टीने बी.एड.मधले वळण याच जागी असते. तोवर लक्ष आपल्या बोलण्याकडे असते. इथून ते मुलांच्या डोक्यात काय चालले आहे त्याकडे जाते. चुकीचे उत्तर ही त्या विचारात शिरण्याची सर्वांत सोपी वाट आहे, हे एकदा कळले की टाचण लिहिण्याची पद्धतही बदलते. अपेक्षित उत्तराच्या शेजारी ‘मुले आणखी काय म्हणू शकतील’ असे लिहिले जाऊ लागते.

निरीक्षण करणारा कसा आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. काही जण तास संपताना येतात, वहीवर सही करतात आणि ‘आवाज चढा हवा’ असे लिहून निघून जातात. काही जण वेगळे असतात. एका निरीक्षकांनी इतिहासाच्या तासाला मागे बसून वर्गाची बैठक रचना कागदावर काढली आणि छात्राध्यापक ज्या मुलाला प्रश्न विचारेल त्याच्या जागेवर एक खूण केली. तासानंतर तो कागद त्यांनी काही न बोलता समोर ठेवला. सगळ्या खुणा पुढच्या दोन बाकांवर होत्या आणि मुलींच्या रांगेत एकही नव्हती. मुली उत्तरे देत नाहीत, अशी त्या छात्राध्यापकाची तक्रार होती. प्रत्यक्षात त्यांना कोणी विचारलेच नव्हते. असा कागद दाखवायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. पूर्ण तास बसणारे माणूस लागते. लीला पाटील यांनी बी.एड. महाविद्यालयात शिक्षक घडवण्याचे काम केले आणि नंतर १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय ही प्राथमिक शाळा काढली. शिक्षक घडवणाऱ्याने मुलांच्या वर्गाशी नाते ठेवले पाहिजे याचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण.

दुसऱ्या वर्षाची मोठी आंतरवासिता हा अभ्यासक्रमाचा गाभा. इथे छात्राध्यापक सुटा पाठ घेऊन परत जात नाही. तो शाळेचा भाग होतो. परिपाठाला उभा राहतो, हजेरीपट भरतो, घटक चाचणीचा संविधान तक्ता (ब्लूप्रिंट) करतो, पेपर तपासतो, पालकसभेला बसतो. शाळा चालते कशी हे तेव्हाच कळते. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख एका आकड्याने चुकली तर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी एखाद्या पालकाला किती खेटे घालावे लागतात, शालेय पोषण आहाराच्या नोंदी कोण ठेवते, यू-डायसची माहिती भरताना वर्गशिक्षकाचे किती तास जातात, मतदार याद्यांचे काम आले की वर्ग कोणावर पडतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात न सापडणारी ही माहिती पुढे रोज उपयोगी पडते.

याच काळात शाळा छात्राध्यापकाचा सर्वांत जास्त गैरवापरही करतात. शिक्षक रजेवर आहे, कामासाठी बाहेर आहे, किंवा पद भरलेलेच नाही, की ‘ऑफ तास’ छात्राध्यापकाकडे. दिवसाला सहा तास, विषय कोणताही, तयारीला वेळ नाही, मागे कोणी बसत नाही. अशा तासांना वर्ग शांत ठेवणे एवढेच उद्दिष्ट उरते आणि त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या वाईट सवयी लागतात: श्रुतलेखन, फळ्यावरचे उतरवून घेणे, दरडावणे. काही छात्राध्यापक या तासांतूनही मार्ग काढतात. पण जे शिकायला आले आहेत त्यांना मोफत मनुष्यबळ समजणे हा अन्याय आहे, आणि तो त्या वर्गातल्या मुलांवरही होतो.

शाळा कोणत्या भागात आहे यावर अनुभव बदलतो. बीड जिल्ह्यात आंतरवासिता करणाऱ्यांना दिवाळीनंतरचा वर्ग पाहावा लागतो. जूनपासून नावानिशी ओळखीची झालेली मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून जातात आणि बाक रिकामे होतात. ज्या गावात हंगामी वसतिगृह नीट चालते तिथे काही मुले राहतात. आजी-आजोबांजवळ ठेवलेली काही येत राहतात. गळीत हंगाम संपून मुले परत येतात तेव्हा वर्ग कित्येक धडे पुढे गेलेला असतो. घटक चाचणीचे गुण तक्त्यात भरताना छात्राध्यापकाला प्रथमच उमगते की हे आकडे आपल्या अध्यापनाबद्दल जेवढे सांगतात त्याहून जास्त साखर कारखान्यांच्या हंगामाबद्दल सांगतात. नंदुरबारच्या सातपुड्यात अडचण वेगळी. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसमोर पुस्तकी मराठीत धडा सुरू केला की वर्ग गप्प होतो, आणि बाहेरून आलेल्याला ती मुले मंद वाटतात. एखाद्या स्थानिक शिक्षकाच्या मदतीने मुलांना आधी त्यांच्या भाषेत सांगू दिले, की तीच मुले सलग बोलत सुटतात. बहुभाषिक वर्गावरचे प्रकरण ज्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेले असते, त्यांना ते खरे समजते ते इथे.

प्रात्यक्षिकांत कृतिसंशोधनही असते. आठवीच्या मुलांच्या लेखनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हा मराठी मेथडवाल्यांचा नेहमीचा विषय. पूर्वचाचणी, पंधरवड्याचा उपक्रम, उत्तरचाचणी, तक्ते, निष्कर्ष. जवळपास प्रत्येक अहवालात निष्कर्ष सारखाच: उपक्रमाने लक्षणीय सुधारणा झाली. प्रामाणिक अहवाल विरळा. काही मुलांच्या चुका कमी झाल्या, काहींच्या तेवढ्याच राहिल्या, आणि ज्या शब्दांचा सराव घेतला ते सोडून इतर शब्दांत फारसा फरक पडला नाही, असे लिहिण्याचे धाडस करणाऱ्या छात्राध्यापकाच्या हाती खरे ज्ञान लागलेले असते. प्राध्यापकांनी अशा अहवालाला गुण जास्त द्यायला हवेत.

कागदावरच्या बी.एड.बद्दल बोलणेही भाग आहे. फी भरली की हजेरीची काळजी नको असे सांगणारी महाविद्यालये राज्यात आहेत हे या क्षेत्रातल्या कोणाला नवीन नाही. तिथे आंतरवासितेचे प्रमाणपत्र शाळेच्या शिक्क्यासह तयार मिळते, तयार फाईली विकत मिळतात, टाचणांच्या वह्या एका तुकडीकडून दुसरीकडे जातात. दूरच्या गावी नोकरी करून पदवी घेणाऱ्याला ही सोय वाटते. पुढे वर्गात उभे राहिल्यावर त्याच्याजवळ स्वतःच्या शाळेतल्या आठवणींखेरीज काही नसते. त्याच्या मास्तरांनी जसे शिकवले तसेच तो शिकवतो, मारणेही तसेच. नव्वद टक्के हजेरीचे कलम ज्यासाठी केले तो हेतूच त्यामुळे नाहीसा होतो.

पदवीनंतर परीक्षांचा भाग सुरू होतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टच्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी आवश्यक ठरली. महाराष्ट्रात ती राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली परीक्षा २०१३ च्या डिसेंबरात झाली. पेपर १५० गुणांचा, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. खुल्या प्रवर्गासाठी ६० टक्के आणि आरक्षित प्रवर्गांसाठी ५५ टक्के गुणांची अट. सहावी ते आठवीच्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३०, दोन भाषांना प्रत्येकी ३० आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांना ६० गुण. अट ऐकायला सौम्य वाटते, तरी बहुतेक वर्षी शंभरातले मोजकेच उत्तीर्ण होतात. विज्ञानाचा पदवीधर व्याकरणात अडकतो, भाषेचा पदवीधर वेळेत. एकदा मिळालेले प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षे चालत असे. २०२१ साली ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला.

बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीला शिकवता येते का, हा प्रश्न मध्यंतरी बराच गाजला. २०१८ च्या एका अधिसूचनेने ती मुभा दिली होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि बी.एड. त्यासाठी तयार करत नाही, हे त्यामागचे कारण योग्यच आहे. दुसरी-तिसरीचा वर्ग एक दिवस सांभाळून पाहिलेला कोणताही बी.एड.धारक ते मान्य करील.

प्रामाणिक उमेदवारांना सर्वांत मोठा धक्का बसला तो २०२१ च्या डिसेंबरात, टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला तेव्हा. चौकशीनंतर २०१९-२० च्या परीक्षेतल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. रात्री अभ्यास करून दोन-तीन गुणांनी हुकलेल्यांना त्या बातमीने काय वाटले असेल ते समजू शकते. ज्यांनी खरोखर गुण मिळवले होते त्यांनाही काही काळ लोकांच्या संशयाचा सामना करावा लागला.

टीईटी ही पात्रता. निवड होते अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. २०० प्रश्न, दोन तास, संगणकावर. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिली आणि दुसरी यांच्यात पाच वर्षांहून जास्त अंतर पडले. त्याआधीही, शाळांतला पट खरा आहे का हे तपासणाऱ्या २०११ च्या पटपडताळणीनंतर, भरतीवर बंदी आली होती. म्हणजे एखाद्याने २०१८ साली बी.एड. पूर्ण केली असेल, तर नुसती चाचणी देण्यासाठी त्याला २०२३ पर्यंत थांबावे लागले. ही वर्षे कोणी खासगी इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर काढली, कोणी शिकवणी वर्गात, कोणी तासिका तत्त्वावर, कोणी शेतीत. जे या काळात कुठल्या ना कुठल्या वर्गावर राहिले त्यांचे शिकवणे सुधारले. बाकीच्यांचे दिवस वेग आणि अंकगणिताच्या युक्त्या घोटण्यात गेले. चाचणीत तर्क, अंकगणित, भाषा यांचे प्रश्न असतात आणि ते नीट काढलेले असतात. मुलाचे चुकीचे उत्तर ऐकून शिक्षक पुढे काय विचारतो हे मात्र अशा चाचणीत दिसू शकत नाही. पारदर्शक भरतीसाठी गुणांची यादी आवश्यक आहे, कारण त्याआधी खासगी संस्थांत जागेचा ‘भाव’ कसा ठरत असे ते राज्याला ठाऊक आहे. त्या मानाने ही पद्धत निश्चितच बरी. तरी एका पाठाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची त्यात जागा करता येईल.

पुढचे काम पवित्र पोर्टलवर. स्वप्रमाणपत्र भरायचे, कागद पडताळायचे, मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय अशा दोन प्रकारच्या जागांसाठी प्राधान्यक्रम द्यायचे आणि यादीची वाट पाहायची. जागा किती निघणार ते संचमान्यतेवर (पटानुसार मंजूर होणारी पदे) आणि बिंदुनामावलीच्या (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासणीवर ठरते. हे शब्द बी.एड.मध्ये कोणी शिकवत नाही. उमेदवार ते एकमेकांकडून शिकतात.

निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक. ही योजना २००० सालापासून चालू आहे. मानधन फार काळ अगदीच कमी होते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. कोकणातल्या माणसाला गडचिरोलीत किंवा विदर्भातल्याला पालघरमध्ये जागा मिळते, तिथे खोली घेऊन या पैशात राहायचे आणि घरीही पाठवायचे. तीन वर्षे समाधानकारक काम झाले की नियमित वेतनश्रेणी मिळते. ‘समाधानकारक’ हे ठरवताना फाईल पाहिली जाते, वर्ग क्वचित.

नोकरीत असलेल्यांसाठीही टीईटीचा विषय संपलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणासह अनेक अपिलांवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेतल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे ते परीक्षेविना काम करू शकतात, पण त्यांना पदोन्नती मिळणार नाही. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेली माणसे त्यामुळे पुन्हा बालमानसशास्त्राची पुस्तके घेऊन बसली. त्यांची अस्वस्थता खरी आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या वर्गात बसून नव्या शिक्षकांनी शिकावे, अशी त्यांची योग्यता आहे.

त्यासाठी छात्राध्यापक किंवा नवा शिक्षणसेवक शाळेत आला की मुख्याध्यापकांनी त्याला ऑफ तासांच्या यादीत घालण्याआधी एका अनुभवी शिक्षकाशी जोडून द्यावे. आठवड्यातून एकदा त्या शिक्षकाने नव्याचा पूर्ण तास मागे बसून पाहावा आणि एकदा नव्याने त्याचा. वेळापत्रकात त्यासाठी दोन तासिका लागतात आणि त्या देणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे.